तुरीच्या मुळांसाठी सूक्ष्मजीवांचा संघ: विदर्भातील नवोदितांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ऐन फुलोऱ्यातली तूर वावराच्या एका कोपऱ्यापासून वाळत जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा लेख कशासाठी आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. खोड उभे चिरले की आत काळसर रेघ दिसते. ती मर रोग घडवणाऱ्या फ्युजेरियम उडम या बुरशीची खूण असते आणि ही बुरशी रोगट झाडाच्या अवशेषांवर जमिनीत काही वर्षे टिकून राहते. मुळांभोवतीच्या मातीला १९०४ साली लोरेन्झ हिल्टनर यांनी ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले. या मातीत असंख्य प्रकारचे सूक्ष्मजीव नांदत असतात. त्यांच्यातून ओळख पटलेले, शुद्ध स्वरूपात वाढवलेले मोजके सभासद निवडावयाचे आणि ठरावीक प्रमाणात एकत्र करून मुळांना द्यावयाचे, याला कृत्रिम सूक्ष्मजीव-समुदाय म्हणतात. सोयीसाठी मी पुढे त्याला ‘संघ’ म्हणेन.

वाशिम जिल्ह्यातील एका शेतकरी गटाच्या छोट्या प्रयोगशाळेत मी हे काम चार खरीप हंगाम केले. पहिले दोन हंगाम जवळजवळ वाया गेले, कारण ज्या गोष्टी मला माहीत असायला हव्या होत्या त्या कोणत्याही एका ठिकाणी लिहिलेल्या नव्हत्या. तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या प्रयोगशाळांत नव्याने रुजू झालेली मुले-मुली यांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

१. आधी एकच काम ठरवा

‘मातीचे आरोग्य सुधारणे’ हे उद्दिष्ट घेऊन सुरुवात करू नका, कारण ते मोजता येत नाही. ‘मर रोगाने वाळणाऱ्या झाडांची संख्या कमी करणे’ किंवा ‘साठ दिवसांच्या तुरीच्या मुळांवरील (नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या) गाठींचे वजन वाढवणे’ ही उद्दिष्टे मोजता येतात. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा आणि कोणता आकडा बदलला म्हणजे काम झाले असे समजायचे, तेही त्याखाली लिहून ठेवा. आमच्या गटातील प्रत्येकाला आपल्या अडचणीचे उत्तर त्याच एका पाकिटातून हवे होते. ती मागणी मान्य केल्यामुळे पहिल्या वर्षी आमची यादी अकरा जिवाणूंपर्यंत गेली आणि त्यांतला कोण काय करतो हे शेवटपर्यंत कळले नाही. सुरुवातीला चार-पाच सभासद पुरेसे असतात.

२. साहित्य आणि जागा

पुढील गोष्टी जमल्याशिवाय नमुना आणायला निघू नका:

– ऑटोक्लेव्ह. १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबाखाली मीडिया (सूक्ष्मजीव वाढवण्याचे पोषक मिश्रण) १५ ते २० मिनिटांत निर्जंतुक होतो. अगदी लहान प्रमाणात चांगल्या प्रेशर कुकरनेही भागते. मात्र माती त्यात एका फेरीत निर्जंतुक होत नाही, ती लागोपाठच्या दोन दिवशी तासतासभर ठेवावी लागते.
– लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचे कामाचे कपाट). नसल्यास वारा बंद केलेली खोली, स्पिरिटचा दिवा आणि भरपूर संयम.
– २८ अंशांवर स्थिर राहणारा इनक्युबेटर आणि त्यासाठी इन्व्हर्टर.
– प्लेट, टेस्टट्यूब, पिपेट, लूप, सूक्ष्मदर्शक, पीएच मीटर, वजनकाटा.
– मीडिया: यीस्ट-मॅनिटॉल आगर व काँगो रेड हा रंग, किंग्ज बी, पिकोव्हस्काया, न्यूट्रिएंट आगर, रोझ बंगाल आगर.
– डिस्टिल्ड वॉटर.
– ग्लिसरॉल आणि उणे २० अंशांचा फ्रीझर. उणे ८० अंशांची सोय जवळच्या विद्यापीठात मिळाली तर शुद्ध संवर्धनांचा एक संच तेथे ठेवावा.

इनक्युबेटर आणि पाणी यांबद्दल थोडे अधिक सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे खोलीचे तापमान सहज ४० अंशांच्या वर जाते, आणि साधा इनक्युबेटर केवळ तापवतो, थंड करत नाही. गाठींतले जिवाणू अशा उष्णतेत वाढत नाहीत, आणि नवखा माणूस नमुन्यात जिवाणूच नव्हते असे समजतो. त्यामुळे एक तर थंड करणारा इनक्युबेटर घ्या, नाहीतर गाठींचे काम पावसाळ्यात आणि हिवाळ्यात करा. पाण्याचेही असेच आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी इतके खारे असते की त्या पाण्यात केलेला मीडिया नकळत क्षार सोसणारेच जिवाणू निवडतो. मुद्दाम तसे निवडायचे असतील तर ते हेतुपुरस्सर करा, अपघाताने होऊ देऊ नका.

३. नमुना कधी, कोठून आणि कसा घ्यावा

तूर पेरल्यापासून ४५ ते ६० दिवसांनी गाठी चांगल्या भरलेल्या असतात. मर रोगासाठी सभासद शोधत असाल तर ज्या पट्ट्यात झाडे वाळली आहेत त्याच पट्ट्याच्या मधोमध हिरवे उभे असलेले झाड शोधा. त्या झाडाच्या मुळांभोवती काही उपयोगी सापडण्याची शक्यता निरोगी वावरापेक्षा अधिक असते. पण ते झाड वेगळ्या वाणाचे तर नाही ना, हे शेतकऱ्याला आधी विचारा. ‘आशा’सारख्या रोगप्रतिकारक वाणाचा एखादा दाणा बियाण्यात मिसळलेला असला, तर टिकून राहण्याचे श्रेय त्या वाणाचे असते आणि आपण ते जिवाणूंना देऊन बसतो.

झाड उपटू नका. काळी माती ओली असेल तर मुळांना गच्च धरून ठेवते आणि ओढल्यावर गाठी मातीतच राहतात. कुदळीने वीतभर अंतरावरून खोल खणून मातीच्या ढेकळासह झाड काढा आणि ढेकूळ बादलीतल्या पाण्यात सोडा. दहा-पंधरा मिनिटांत चिकण माती आपोआप सुटते. मग एक गाठ नखाने दुभंगून पाहा. आत फिकट लाल, मांसासारखा रंग दिसला तर लेगहिमोग्लोबिन हे गाठीतले लाल रंगद्रव्य आहे आणि गाठ कामाची आहे. हिरवट किंवा पांढरी गाठ घेऊ नका. मुळाचा तुकडा गाठीला थोडा लागून राहू द्या, म्हणजे चिमट्याने धरताना गाठ फुटत नाही.

नमुने कागदी पाकिटात घालून थंड डब्यात ठेवा. एकदा मी गाठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुपारच्या एसटीने नेल्या. चार तासांनी पिशवीत घामासारखे पाणी सुटले होते आणि सर्व गाठी मऊ पडल्या होत्या. प्रत्येक पाकिटावर तारीख, गाव, वाण, आधीचे पीक आणि बियाण्याला कोणते औषध लावले होते, हे पेन्सिलीने लिहा. शाई ओलाव्याने पसरते.

४. वेगळे करणे आणि शुद्ध करणे

गाठी धुऊन ९५ टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद आणि नंतर ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सुमारे ३ मिनिटे ठेवा, मग निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुवा. जुन्या पद्धतीत मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, पण ते जहाल विष आहे आणि गावातल्या प्रयोगशाळेत त्याची विल्हेवाट लावण्याची सोय नसते. ते वापरू नका. शेवटच्या धुण्याचे पाणी एका प्लेटवर पसरून ठेवा. त्या प्लेटवर काही उगवले तर गाठीच्या बाहेरचे जिवाणू मेलेले नाहीत, आणि त्या दिवसाचे सर्व काम बाद धरावे लागते.

गाठ चिरडून तिचा रस काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल आगरवर पसरा. गाठींतले जिवाणू हा रंग फारसा शोषत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कॉलनी (एका पेशीपासून वाढलेले ठिपके) पांढरट आणि अर्धपारदर्शक दिसतात. तुरीच्या गाठींत बहुधा सापडणारा ब्रॅडीरायझोबियम सावकाश वाढतो. कॉलनी दिसायला सात ते दहा दिवस लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेली मोठी, चकचकीत कॉलनी पाहून हरखू नका, कारण ती बहुतेक वेळा भलत्याच जिवाणूची असते.

मुळांभोवतीच्या मातीसाठी १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून दहा-दहा पटींनी पातळ करत जा, आणि ज्या प्लेटवर ३० ते ३०० कॉलनी येतील तीच मोजा. किंग्ज बी वर अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवे चमकणारे स्यूडोमोनास मिळतात. बॅसिलस हवे असतील तर पातळ केलेला नमुना ८० अंशांवर १० मिनिटे तापवा. बीजाणू तगतात, बाकीचे मरतात. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीसाठी रोझ बंगाल आगर घ्या. प्रत्येक कॉलनी किमान तीन वेळा पुन्हा रेघाटून शुद्ध करा आणि शुद्ध होताच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठवा. हे साठवण पुढे ढकलू नका.

५. ओळख आणि सुरक्षितता

जिवाणूंची ओळख १६एस आरआरएनए जनुकाच्या सुमारे १,५०० अक्षरांच्या क्रमावरून आणि बुरशीची ओळख आयटीएस या भागावरून करतात. नमुना पाठवून क्रम करून देणाऱ्या प्रयोगशाळा आता सहज मिळतात. मात्र या क्रमावरून जवळची भावंडे वेगळी ओळखता येत नाहीत. बॅसिलस सेरियस आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस यांचे हे जनुक जवळजवळ सारखेच असते, आणि त्यांपैकी पहिला अन्नातून विषबाधा करतो.

या मुद्द्यावर मी तडजोड मानत नाही. आपल्याकडे बिजप्रक्रिया बहुधा घरातल्या बाया उघड्या हातांनी करतात. त्या हातांना निंदणीच्या आणि विळ्याच्या जखमा असतात, आणि शेजारीच लहान मूल खेळत असते. स्यूडोमोनास एरुजिनोसा, क्लेब्सिएला न्यूमोनिए किंवा बर्खोल्डेरिया सेपेशिया गटातील जिवाणू प्लेटवर कितीही उत्तम काम करत असले, तरी ते संघात घेऊ नका. प्रत्येक उमेदवार ३७ अंशांवर वाढतो का आणि रक्त घातलेल्या आगरवर लाल पेशी फोडतो का, हे तपासा. दोन्ही उत्तरे ‘होय’ आली तर तो संशयित धरा आणि जाणकाराकडून खात्री होईपर्यंत बाजूला ठेवा.

६. चाळणी आपल्या मातीच्या अटींवर लावा

पिकोव्हस्काया मीडियात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हा सहज न विरघळणारा स्फुरद असतो. स्फुरद विरघळवणारा जिवाणू आम्ल सोडतो आणि त्याच्या कॉलनीभोवती स्वच्छ वलय तयार होते. ते वलय पाहून मला फार आनंद झाला होता; प्लेटचे छायाचित्रही मी सर्वांना पाठवले होते. पुढे त्याच जिवाणूने कुंडीत काहीच केले नाही.

याचे कारण आपल्या मातीत आहे. विदर्भाच्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीचा पीएच साधारण ८ च्या आसपास असतो आणि ती आम्लाला लगेच निष्प्रभ करते. बडोद्याच्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच हे दाखवून दिले होते. मीडियात पीएच टिकवून धरणारा बफर घातला की एरवी उत्तम वलय देणारे बहुतेक जिवाणू निरुपयोगी ठरतात. म्हणून पहिली चाळणीच पीएच ८ च्या ट्रिस बफरयुक्त मीडियावर करा. त्यात मिथाइल रेड हा आम्ल दाखवणारा रंग घातला तर आम्ल करू शकणाऱ्या कॉलनीभोवती लाल रंग उमटतो. साध्या प्लेटवरचे वीस उमेदवार येथे एक-दोनवर येतील, कदाचित एकही उरणार नाही. पण जो उरेल त्याच्यावर वेळ घालवणे सार्थकी लागेल.

बुरशीविरुद्धच्या चाचणीलाही हेच लागू आहे. प्लेटवर फ्युजेरियमला रोखणारा जिवाणू मुळावर तेवढ्या संख्येने राहतो का, हा खरा प्रश्न असतो. रोपांची मुळे धुऊन, चिरडून, दोन आणि चार आठवड्यांनी त्याची गणना करा.

७. आधी जोडून पाहा, मग एकेक काढून पाहा

हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि अनेक जण हीच पायरी गाळतात. सुटे सुटे चांगले काम करणारे सभासद एकत्र आल्यावर चांगलेच वागतील असे नसते. प्रथम दोन-दोनच्या जोड्या एकाच प्लेटवर आडव्या-उभ्या रेघांनी छेद देऊन वाढवा. छेदाजवळ एकाची वाढ थांबली तर ती जोडी जमत नाही. बॅसिलस सबटिलिसचे अनेक वाण (जिवाणूंच्या बाबतीत वाण म्हणजे एकाच जातीतले उपप्रकार) बुरशीनाशक द्रव्ये सोडतात. ती फ्युजेरियमला जशी रोखतात तशीच ट्रायकोडर्मालाही रोखू शकतात. आमच्या पहिल्या मिश्रणात नेमके हेच झाले. एका आठवड्यात बॅसिलसची सुरकुतलेली साय सगळ्या प्लेटवर पसरली आणि तिच्याखाली बाकीचे सभासद शोधूनही सापडेनात.

जोड्या जमल्यावर संघ बांधा आणि त्यानंतर प्रत्येक वेळी एक सभासद वगळून पाहा. २०१७ साली हार्वर्डमधील संशोधकांनी मक्याच्या मुळांवरील सात जिवाणूंच्या संघावर हा प्रयोग केला. एकेक जिवाणू काढून पाहिल्यावर सातांपैकी केवळ एंटेरोबॅक्टर क्लोआकी वगळला तेव्हाच संघ कोसळला आणि कर्टोबॅक्टेरियम या दुसऱ्या सभासदाने जवळजवळ सर्व जागा व्यापली. कोणता सभासद आधार आहे, हे त्याला काढल्याशिवाय त्यांनाही कळले नसते.

पाच सभासदांचे सर्व संभाव्य गट ३१ होतात आणि आठांचे २५५. ते सर्व तपासण्याची गरज नाही. पूर्ण संघ, एकेक वगळलेले पाच गट आणि काहीच न दिलेला एक गट, अशा सात प्रक्रिया घ्या. प्रत्येकी सहा कुंड्या धरल्या तर ४२ कुंड्या होतात. रोगकारक बुरशी घातलेला दुसरा संच धरला तर ८४. एवढे काम दोन माणसांना झेपते. आमच्याकडे प्लेटवर कोणत्याच चाचणीत न चमकलेला एक पिवळसर जिवाणू होता, आणि मी त्याला काढून टाकण्याच्या बेतात होतो. तो वगळलेल्या कुंड्यांत चौथ्या आठवड्यापर्यंत मुळांवरचे स्यूडोमोनास जवळजवळ नाहीसे झाले. तेव्हापासून चाचणीत कमी गुण मिळालेल्या सभासदाला काढण्यापूर्वी मी हा प्रयोग नेहमी करतो.

गणनेसाठी प्रत्येक सभासद वेगळा ओळखता आला पाहिजे. चमक, काँगो रेड, ८० अंशांची उष्णता आणि रोझ बंगाल या चौथ्या पायरीवरील युक्त्याच येथे उपयोगी पडतात. म्हणून संघ निवडतानाच, मिसळल्यावर ओळखता येतील असे सभासद घ्या.

८. कुंडी, आणि मग वावर

कुंडीसाठी शेतातलीच माती घ्या, एक संच निर्जंतुक केलेला आणि एक तसाच. निर्जंतुक मातीत चालणारा संघ मूळच्या जिवाणूंच्या गर्दीत अनेकदा हरतो. तुरीच्या गाठी करणारे जिवाणू आपल्या जमिनीत पूर्वीपासून भरपूर असल्याने बाहेरून दिलेल्या नव्या जिवाणूला गाठीत जागा मिळवणे अवघड जाते. मर रोगाच्या चाचणीसाठी आयसीपी २३७६ हा रोगाला चटकन बळी पडणारा वाण वापरतात.

शेतकऱ्याच्या वावरात रोगकारक बुरशी कधीही टाकू नका. ते काम संशोधन केंद्रांच्या राखीव रोगट प्रक्षेत्रातच होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राशी आधी बोला.

वावरातील मांडणीत किमान चार पुनरावृत्ती घ्या आणि धुऱ्याजवळच्या ओळी मोजणीतून वगळा. तुलनेसाठी एक गट शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा आणि एक गट मारलेल्या जिवाणूंचा ठेवा. मारलेल्या जिवाणूंचा म्हणजे तेच पाकीट ऑटोक्लेव्ह करून, त्याच गुळाच्या पाण्यात लावलेले. हा गट नसेल तर दिसलेला फरक जिवाणूंचा की गुळाचा आणि जिवाणू ज्यात मिसळतात त्या लिग्नाइटच्या भुकटीचा, हे सांगता येत नाही.

बिजप्रक्रियेचा क्रम बुरशीनाशक, कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू असा ठेवा. कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा टिकत नाही, तेव्हा बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचा. बियाणे सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी, पुरेशा ओलीवर पेरा.

९. वाहक आणि उन्हाळा

पाकिटातून दाण्याला किती जिवंत पेशी मिळतात, याचा सोयाबीनचे उदाहरण घेऊन हिशोब करू. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रायझोबियमच्या (गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या) भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. २५० ग्रॅमच्या पाकिटात १,२५० कोटी पेशी झाल्या. १० किलो सोयाबीनमध्ये साधारण ८० ते ८५ हजार दाणे असतात, म्हणजे दाण्याला दीड लाखाच्या आसपास पेशी येतात. ही संख्या कामापुरती आहे. पण आमची चाळीस पाकिटे एका दुकानाच्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्याचे तीन आठवडे पडून राहिली, आणि जूनमध्ये मोजली तेव्हा संख्या हजारपटीने घटली होती. दाण्याला दीडशे पेशी. त्या पाकिटांनी वावरात काही केले नाही, याचा दोष ना मातीला देता येतो ना शेतकऱ्याला.

यावर उपाय साधे आहेत. वाहक, म्हणजे जिवाणू ज्यात मिसळतात ती भुकटी, आधी निर्जंतुक करा आणि लिग्नाइट आम्लधर्मी असल्याने चुन्याची भुकटी घालून त्याचा पीएच उदासीन करा. सभासद वेगवेगळे वाढवून शेवटी मिसळा, कारण एकाच भांड्यात वाढवले तर जलद वाढणारा ब्रॅडीरायझोबियमला मागे टाकतो. पाकिटे पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीच तयार करा आणि माठाशेजारच्या थंड खोलीत ठेवा. वाटपाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक सभासदाची स्वतंत्र गणना करा. एकूण बेरीज फसवी असते.

१०. शेळ्या-गुरांसाठी असे काही करावयाचे असल्यास

हा विषय मला अनेकांनी विचारला, म्हणून थोडक्यात सांगतो. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असते. त्यामुळे जनावरांचे केस गळतात आणि त्यापासून पोटात तयार होणाऱ्या द्रव्यामुळे गलगंड होतो. हवाईतील शेळ्या मात्र तोच पाला निर्धोक खात होत्या. ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांत नेले आणि तेथील विषबाधा थांबली. त्यातील एका जिवाणूला पुढे सिनर्जिस्टिस जोनेसी हे नाव मिळाले. ही गोष्ट ऐकून एका शेळीचे पोटातले पाणी दुसरीला पाजण्याचा मोह होतो. तसे करू नका. त्यातून रोगही जातात. प्राण्यांवरील प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठातील तज्ज्ञांसोबतच हे काम हाती घ्या.

११. कागदपत्रे

कागदपत्रांचे काम पहिल्या पायरीपासूनच सुरू करावे.

– नमुना घेतलेल्या शेतकऱ्याची लेखी संमती आणि नमुन्यांची नोंदवही.
– मातीतले जिवाणू जैविक संसाधन ठरतात. त्यांचा व्यापारी वापर करायचा असल्यास जैविक विविधता कायदा, २००२ नुसार महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे जावे लागते. मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे. परदेशी संस्था सोबत असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते.
– जैविक खत म्हणून विकायचे असल्यास खत नियंत्रण आदेश, १९८५ खालील परवाना. जैविक खते त्यात २००६ पासून आहेत. पाकिटावर ‘मर रोगावर उपाय’ असे लिहिले की ते कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कक्षेत येते आणि केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. ट्रायकोडर्मा असलेल्या संघांची येथेच अडचण होते, त्यामुळे लेबलावरचे शब्द ठरवण्यापूर्वी जाणकाराला दाखवा.
– सभासदांच्या जनुकांत बदल केला असेल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून मंजुरी घ्यावी लागते. निसर्गातून जसेच्या तसे घेतलेले वाण मिसळण्यासाठी हे लागत नाही.
– प्रत्येक सभासदाचे शुद्ध संवर्धन उत्तर प्रदेशातील मऊ येथील राष्ट्रीय कृषी सूक्ष्मजीव संग्रहात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करा आणि मिळालेला क्रमांक वहीत नोंदवा. आमचा फ्रीझर एका जुलैत तीन दिवस बंद पडला, तेव्हा जमा केलेले दोन वाण परत मिळाले. उरलेल्या तीन सभासदांसाठी मला कुदळ घेऊन त्याच वावरात पुन्हा जावे लागले.